कागदावर नवऱ्याचं नाव

माझी पोर कॅन्सरने मेली म्हणतात. खोटं. तिला लाजवून मारली, आणि त्यात मीही होतो.

पंधरा वर्षं ती आणि तिची जोडीदारीण तोंडवलीत पर्यटकांसाठी खानावळ चालवत होत्या. एक घर, एक चूल, एक बिछाना. गावाला सगळं ठाऊक होतं, पण त्यांच्या हातचं सुरमईचं कालवण कोणाला कडू लागलं नाही. माझी बायको म्हणायची, "दोघीय सुखी आसत, तुमी गप रवा." ती होती तोवर मी गप राहिलो.

बायको गेली आणि वर्षभराने पोरीच्या अंगावर जायला लागलं, पाळी नसतानासुद्धा. डॉक्टरीणबाईने पहिलं काय विचारलं? नवऱ्याचं नाव. पोरीने खरं ते सांगितलं. बाईने पेन खाली ठेवलं. "मग तपासायचं काय? लग्न करा, सगळं ठीक होईल." बाहेर नर्सा हसल्या. पोर पुन्हा ती पायरी चढली नाही.

मी काय केलं? देवळात कौल लावला. माझ्या चेडवाचं, या पोरीचं, लगीन करू काय, विचारलं. उजवी कळी पडली, म्हणजे होय. घरी येऊन ऐटीत सांगितलं, "देव पण तांच म्हणता."

"बाबा, तू लगीन विचारलंस," ती म्हणाली. "माझा दुखणा खंय विचारलंस?"

गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेली तेव्हा उशीर झाला होता. उशाशी महिनाभर बसली जोडीदारीण, पण सहीला ती चालेना. रक्ताची नाही म्हणे! चौथी नापास बापाला बोलावलं. कागदावर काय होतं ते मला आजही ठाऊक नाही.

हा कॅन्सर ज्या विषाणूने होतो तो जोडीदारणीलाही लागला असेल, म्हणून तिथल्या डॉक्टराने तिलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. ती हलेना. "परत नवऱ्याचा नाव इचारतले." परवा मीच ओढत दवाखान्यात नेली.

केसपेपरच्या खिडकीतल्या बाईने तेच विचारलं. मी माझ्या पोरीचं नाव सांगितलं.

"आजोबा, हे बाईचं नाव आहे."

"मगे? बाईच होती ती. लिही."

मागून कोणी ओरडला, "म्हाताऱ्या, रांग खोळंबली!"

"खोळंबांदे रे! तू काय मरूक नाय हयसर."

बाईने लिहिलं की नाही, मला दिसलं नाही. पण जोडीदारणीला तपासायला आत घेतलं, दार लागलं. मी दारात काठी आडवी घालून उभा राहिलो. आता हसा म्हटलं, कोण हसता ता बघतंय.