रुसलेल्या जावयाची प्रदक्षिणा

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चिंचोळकर साहेब खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे आणि डोक्यावर सोला हॅट अशा थाटात प्रताप नगरातल्या आपल्या फाटकाशी उभे राहत, आणि आम्हा पाच-सहा जणांना त्यांच्यामागून हिंडायला निघावं लागे. डिसेंबर असो की एप्रिल, मोजे लोकरीचेच. नागपूरच्या उन्हात लोकरीचे मोजे घालणाऱ्या माणसाबद्दल जे मत व्हायला हवं ते माझं पहिल्याच रविवारी झालं, आणि साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली तरी ते बदललेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना त्यांच्यात काही चांगलं सापडलं असेल त्यांनी खुशाल बोलावं.

साहेब एका सरकारी कचेरीत अधीक्षक होते आणि माझे यजमान त्यांच्या हाताखाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. यजमानांची बढती साहेबांच्या शेऱ्यावर अडकलेली, त्यामुळे साहेबांना ज्याची आवड त्याची यांनाही आवड. मी शाळेत शिकवत असे आणि रविवार मला झोपेसाठी हवा असे. पण साहेबांची पत्नी, शांतावहिनी, फेरीला नेहमी येत आणि त्यांना बायकांची सोबत नव्हती. म्हणून ती कामगिरी माझ्याकडे आली. कचेरीतले आणखी तीन कारकून असत. त्यांचं काम साहेब काही बोलले की "वा!" म्हणण्याचं.

फेरी दर वेळी तीच. काटोल रस्त्यावरच्या एका फाट्यावर बसमधून उतरायचं. तिथून सागाचं रान, मग टेकडी, टेकडी उतरली की टेंभूरटोला नावाची सात-आठ घरांची वस्ती. पुढे नदी. ती वरच्या अंगाला ओलांडायची, पलीकडच्या काठाने आणखी एका वस्तीतून खाली यायचं, खालच्या अंगाला पुन्हा ओलांडायची, आणि संत्र्यांच्या बगिच्यांमधून परत फाट्यावर. दिवस मावळायच्या आत पूर्ण गोल झाला पाहिजे. "आल्या वाटेनं परतणं हे कारकुनाचं लक्षण," असं साहेब कारकुनांनाच सांगत, आणि कारकून "वा!" म्हणत. दुसरं एक वाक्य होतं, "रेषेत जनावरं चालतात, माणसानं वर्तुळात चालावं." घाण्याचा बैल त्यांनी पाहिला नसावा.

चालताना ते झाडांवर बोलत. साग, पळस, मोह एवढी ओळख कोणालाही असते, तेवढी त्यांनाही होती. ज्याचं नाव येत नसे त्याच्या खोडावर ते छडी आपटत आणि म्हणत, "ही औषधी आहे." कशावर औषधी, हे कोणी विचारायचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मास्तरीणबाई, निसर्गाला प्रश्न विचारायचे नसतात, त्याच्यापुढे नम्र व्हायचं असतं." असे नम्र होताना त्यांची हनुवटी टेकडीच्याही वर असे. टेंभूरटोल्यात ते कोणाच्याही अंगणातल्या बाजेवर बसत, घरच्या बाईकडून ताक मागून घेत, आणि पिऊन झाल्यावर ताक कसं करावं ते तिला समजावून सांगत.

पहिल्याच फेरीत टेकडीवर वहिनी मागे राहिल्या. मला वाटलं दमल्या. जवळ गेले तर त्या खाली बघत होत्या. नदीच्या वळणात, आमच्या त्या मोठ्या गोलाच्या बरोबर मधोमध, एक गाव होतं.

"ते खैरी," त्या म्हणाल्या. "मोठं कौलारू दिसते ना, अंगणात बेल आहे, ते आमचं घर. माहेर माहं."

"मग जाऊ या की. चहा तरी मिळेल," मी म्हणाले.

"यांचा रुसवा आहे," वहिनी म्हणाल्या आणि पदर सारखा करून चालायला लागल्या.

बाकीचं मला पुढच्या फेऱ्यांत तुकड्यातुकड्यांनी कळलं. वहिनींच्या धाकट्या भावाच्या, गणपतच्या लग्नात मानाचं दुपट्टा-टोपी करताना पहिला दुपट्टा जावयाला न देता गावच्या म्हाताऱ्या पाटलाला दिला गेला. पाटील ऐंशीच्या घरातले, खुर्चीत आणून बसवलेले, म्हणून कोणीतरी आधी त्यांच्या खांद्यावर टाकला. साहेब भरल्या मांडवातून उठले. "या गावाची शीव मी पुन्हा ओलांडणार नाही. आणि जिथे मी जात नाही तिथे माझी बायको जात नाही." नंतर सासरे समजूत काढायला नागपूरला आले, गणपत दोनदा आला, दुपट्टे घेऊन आला. साहेबांचं म्हणणं एकच, सगळं गाव मांडवात होतं, तर बोलवायलाही सगळं गाव आलं पाहिजे. पुढे सासरे वारले तरी रुसवा तसाच राहिला. याला दहा-अकरा वर्षं झाली होती.

रुसलेला जावई मी पुष्कळ पाहिला आहे. आमच्या घराण्यात एकाने जिलबी गार होती म्हणून दोन दिवाळ्या खाल्ल्या नव्हत्या. पण ते सगळे आपापल्या घरी बसून रुसत. साहेबांची तऱ्हा वेगळी. ते पदरचं तिकीट काढून, बसचे हिसके खात तिथवर जात आणि सासरच्या शिवेला धरून अख्खी प्रदक्षिणा घालत. आपण येत नाही, हे गावाला दिसलं पाहिजे ना! घरी बसून न येण्यात कोणाला काय दिसणार? ती सोला हॅट कशासाठी, हेही मला तेव्हा कळलं. नदीपलीकडून ती लांबवर दिसत असे.

सुरुवातीला म्हणे खैरीची माणसं धावत नदीवर येत, हात जोडत. मग सवय झाली. मी जाऊ लागले तोवर शेतातली माणसं मान वर करून "जावईबापू फिरून राहिले" एवढं म्हणत आणि पुन्हा तण निंदायला लागत. टेंभूरटोल्याच्या एका म्हातारीने तर एकदा सरळ साहेबांनाच विचारलं, "दर महिन्याले फेरा घालता बाप्पा, मधात देव कोन्ता आहे?" साहेबांनी तिला निसर्गाविषयी काहीतरी सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि ताकाचा गडवा उचलून आत गेली.

मला चीड येई ती नदीवर. दुसरा रविवार हा वहिनींच्या आईला ठाऊक असे. म्हातारी धुणं घेऊन खैरीच्या बाजूच्या काठावर येऊन बसायची. आम्ही पलीकडच्या काठाने यायचो. साहेब तिथे "विसावा" म्हणत, गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावून झाडावरचे पक्षी पाहू लागत, आणि तेवढ्या वेळात त्या दोघींनी पाण्यावरून एकमेकींशी बोलून घ्यायचं.

"बरी आहेस का वं, शांते?"

"बरी आहे. गुडघे कसे आहे तुहे?"

"आहे तसेच. तू वाळून काहून राहिली?"

एवढ्यात दुर्बीण खाली येई आणि आम्ही चालू लागायचो. एकदा म्हातारी पोळ्यांचं गठुडं डोक्यावर घेऊन पाण्यातून अलीकडे आली, तर साहेब तोंड फिरवून तरातरा निघाले आणि वहिनींना ते गठुडं न घेताच त्यांच्यामागे धावावं लागलं. त्यानंतर म्हातारी आपल्या काठावरच थांबायची. गठुड्याच्या दिवशी घरी आल्यावर माझे यजमान म्हणाले, "तरी साहेब थांबतात हो, मन मोठं आहे." त्या रात्री मी त्यांना आळणी वरण वाढलं आणि त्यांनी ते मुकाट्याने खाल्लं.

मग एका माघ महिन्यातल्या फेरीत काठावर म्हातारी नव्हती. तिच्या जागी गणपत उभा होता. आम्हाला पाहून तो पाण्यात उतरला आणि अलीकडे आला. थोरल्या बहिणीला तो बाई म्हणत असे.

"भाऊजी," तो साहेबांना म्हणाला, "आईनं अन्न सोडलं आहे. डाक्टर म्हणते आता काही खरं नाही. बाईचं नाव घेऊन राहिली. आज तरी पाठवा बाईले."

साहेबांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गणपतराव, ही काय बोलावण्याची रीत झाली? ओल्या धोतरानं, नदीच्या काठावर? दोन वडीलधारी माणसं घेऊन नागपूरला या. मग विचार करू."

"तवरक आई राह्यली पायजे ना," गणपत म्हणाला.

"फेरी अर्धी टाकता येत नाही," साहेब म्हणाले. "चला."

कारकून निघाले. माझे यजमानही दोन पावलं निघाले आणि माझ्याकडे बघत थांबले. वहिनी एका दगडावर बसल्या. साहेबांच्या आग्रहाने त्यांना फेरीला कापडी बूट घालावे लागत. ते त्यांनी सावकाश काढले, काठावर ठेवले, पातळ वर खोचलं आणि पाण्यात पाय घातला.

"शांता," साहेब म्हणाले, "हे बरं दिसत नाही." वहिनी पुढे चालल्या. पाणी पोटरीला लागलं तशी साहेबांचा आवाज चढला, आणि इतक्या वर्षांचा तो मानी पुरुष काय बोलला ते मी या कानांनी ऐकलं आहे. ते म्हणाले, "आणि उद्याचा माझा डबा?"

वहिनींनी मागे वळून कारकुनांकडे पाहिलं. "हे आहेत ना सारे," त्या शांतपणे म्हणाल्या. "वा वा करतेत, पोळ्याही करतीन."

मी चपला हातात घेतल्या आणि त्यांच्यामागून उतरले. यजमानांच्या बढतीचं काय झालं ते विचारू नका. माझ्या मते ती तशीही व्हायची नव्हती.

घरात म्हातारी बाजेवर होती. वहिनींनी हात धरल्यावर तिने डोळे उघडले, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "आली का वं शांते? जावई कुठी आहे?"

"फिरून राहिले," वहिनी म्हणाल्या.

"फिरू दे," म्हातारी म्हणाली आणि तिने दूध मागितलं. ते दूध पिताना तिला पाहून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. पुढे आठवडाभर ती लेकीच्या हातून दोन-दोन चमचे खात राहिली आणि एका पहाटे झोपेतच गेली.

त्या दिवशी साहेबांनी फेरी पूर्ण केली हे वेगळं सांगायला नकोच. संत्र्यांच्या बगिच्यात त्यांनी कारकुनांना स्त्रीस्वभावावर दोन शब्द सांगितले, असं यजमान म्हणाले. कचेरीत त्यांनी पत्नीला माहेरी जाण्याची "परवानगी" दिल्याचं जाहीर केलं आणि खाणावळीत जेवू लागले. वहिनी पुढे परत आल्या, संसार केला, साहेबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं केलं. पण त्यानंतर कधी फेरीला गेल्या नाहीत. वाटेल तेव्हा पिशवी घेऊन बसने सरळ खैरीला जात, आणि जाताना विचारत नसत, नुसतं सांगत.

मला मात्र साहेब आठवतात ते म्हातारीच्या तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या दिवशीचे. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताच्या घरी बोलावण्याची वाट पाहू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. साहेब माती द्यायला आले नव्हते. तेरवीला आले. काळा कोट, काळी टोपी, पायांत ते मोजे. आले ते गावाच्या शिवेवरच्या बाभळीखाली थांबले. घरातून कोणीतरी रीतसर येईल, हात धरून नेईल, म्हणून उभे राहिले. गणपतच्या अंगणात पंगतीवर पंगती उठत होत्या, अन्नाची पातेली इकडून तिकडे जात होती. मी पाणी आणायला मागच्या दाराने विहिरीवर गेले तेव्हा मला ते दिसले. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी येऊन वहिनींना सांगितलं. त्यांनी वाढणं थांबवून तांब्या भरला. मीही बरोबर गेले.

वहिनींना येताना पाहून साहेबांनी कोटाची वरची गुंडी लावली आणि टोपी नीट केली. तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्याले, मिशी पुसली.

"गणपतराव स्वतः आले असते तर शोभलं असतं," ते म्हणाले. "पण असो. चल."

वहिनी वाटेतून हलल्या नाहीत. "मी बोलवाले नाही आली. ऊन आहे म्हणून पाणी आणलं. चारची बस भेटते तुमाले फाट्यावर."

"म्हणजे? मी केव्हाचा इथे उभा आहे. तिथे कोणी काहीच म्हणालं नाही?"

"माणसं जेवून राहिली," वहिनी म्हणाल्या. "तुमी इथं उभे आहे, हे कोणाच्या ध्यानातही नाही."

त्यांनी साहेबांच्या हातातून रिकामा तांब्या घेतला आणि वाढायला परत गेल्या. मी मात्र थोडा वेळ थांबले. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता, आणि मी तो पोटभर पाहून घेतला.