ऐक्य सप्ताहात आमच्या वाडीचा दिवस

"ठेव गं ते तिकडे. तुमच्या लोकांना होईल."

इतकंच बोलली मॅडम. माह्या हातात पान होतं. पळसाची पत्रावळ, तिच्यावर भात, कोंबडीचा रस्सा, बाजूले सांभारवडी. मी वाकून तिच्या समोर धरलं होतं. तिनं पदर अंगाशी ओढून घेतला. मंग तिच्या ड्रायव्हरनं गाडीची डिक्की उघडली. अंदर जेवणाचे डबे, पुठ्ठ्याचे. पाण्याच्या कॅनही सोबतच आणल्या होत्या. मोठ्या चर्चची मंडळी उठली, डबे घेतले आन् उभ्या उभ्या खाऊ लागली. आमच्या चर्चच्या अंगणात. आमच्या सतरंजीवर, चपला घालून.

आमच्या तालुक्याच्या गावात पाच चर्च आहेत. जानेवारीत सगळे मिळून प्रार्थना करतात, ऐक्य सप्ताह म्हणतात त्याले. रोज सांजच्याले एका चर्चची पाळी. ज्याची पाळी त्यानं सगळ्याईले जेवू घालायचं, असा रिवाज. आमची वाडी सोडून सगळ्याईची पाळी येत होती. कधी म्हणत तुमची जागा लहान आहे, कधी म्हणत तुमच्याकडं लाईट जाते. आमच्या पास्टरनं लय वर्सं हात जोडले. मागच्या जानेवारीत एकदाचं यादीत वाडीचं नाव आलं.

अवं माय, काय ते दिवस! बायांनी भिंतीले चुना लावला, अंगण सारवलं. दुपारभर पत्रावळ्या टोचल्या. घरटी एक कोंबडी दिली, ज्याच्याकडं एकच होती त्यानंही दिली. नव्या धानाचा तांदूळ. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते, सैपाकाचं मले कोणी शिकवू नये. सकाळपासून चुलीसमोर होती मी. मीठ चाखाले चारदा दुसरीले बोलावलं, इतकी भेली होती. वाटे, आज हे लोक आपल्या हातचं खातीन, मंग आपण एक झालो.

मूर्ख होती मी.

आमी मादगी. माहा आजा जोडे शिवे, मेलेलं ढोर ओढे. गावात त्याले विहिरीवर चढू देत नव्हते. मिशनच्या साहेबानं त्याले पाणी दिलं आन् त्याच पेल्यानं स्वतः प्याला, म्हणून आजा येशूकडं गेला. मॅडम म्हणजे रिटायर हेडमास्तरीण, मोठ्या चर्चच्या कमिटीत. तिचा पणजा बामण होता, मंग ख्रिस्ती झाला. हे ती दर नाताळाले माईकवर सांगते. चार पिढ्या बाप्तिस्मे झाले, पण ते बामणपण काही धुतल्या गेलं नाई.

आमचे पास्टर मान खाली घालून उभे होते. हळूच म्हणे, "बाई, जाऊ दे. पाहुणे आहेत."

काय जाऊ दे? गंज भरून रस्सा तसाच होता. मी बाजूच्या बौद्ध वस्तीत आवाज दिला. भाऊ, बाया, सगळे आले. मांडी घालून बसले, बोटं चाटून जेवले. एक म्हातारा पाणी पिता पिता म्हणे, "तुमी धरम बदलवला बाई, पण ते लोक जात सोबतच घेऊन आले." मले रडू नाई आलं. अंगाची लाही लाही होऊन राह्यली होती.

शेवटचा दिवस मोठ्या चर्चमंदी. दोन दोन मिनिटं साक्ष द्याची होती, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. यादीत माहंही नाव होतं. वाडीची बाई बोलली का फोटो चांगला येते ना! मी उठली. माईक धरला.

म्हटलं, "परवा आमच्या वाडीत तुमी प्रार्थना केली का आमी सगळे एक शरीर. मंग जेवण गाडीत भरून काऊन आणलं?"

मी मॅडमचं नाव घेतलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. ती काय बोलली ते शब्दाले शब्द सांगितलं. मंग डबे खाणाऱ्या एकेकाचं नाव घेतलं. पाच नावं झाली आन् कोणीतरी माईक बंद केला. बंद कर ना बाप्पा! शाळेच्या मैदानातून पोरांईले जेवाले बोलावते मी, माह्या गळ्याले माईक लागत नाई. उरलेली नावंही घेतली.

मॅडम उभी राहिली. "देवाच्या घरात असं बोलत नाहीत."

म्हटलं, "देवाच्या घरात असं वागत नाईत."

मंग सगळ्याईनं मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. क्षमेची ओळ आली, आमी दुसऱ्याईचे अपराध माफ करतो म्हणणारी. मी तोंड मिटलं. मांगं पाह्यलं, आमच्या वाडीच्या बाया, सगळ्याईची तोंडं बंद. त्या एका ओळीले अर्धं चर्च मुकं होतं.

दुसऱ्या दिवशी पास्टर घरी आले. "देव माफ करते, तू काऊन नाई करत?"

म्हटलं, "देवाच्या हातातलं पान कोणी परत नाई केलं, पास्टर. माह्या हातातलं केलं. माफी माही आहे, मी देईन तवा देईन."

आता पुन्हा जानेवारी येऊन राह्यला. यादी निघाली, वाडीचं नाव कापलं. साक्षीतही मी नाई. न का असेना. मी रोज जाणार, चारही सांजा, उरल्या चारही चर्चमंदी. पहिल्या बाकावर बसणार, मॅडमच्या बाजूले, अंगाले अंग लावून. "आता कोणाले साक्ष द्याची आहे का?" असं कोणी विचारलं का मी उठणार. नाई विचारलं तरी उठणार. आन् मोठ्यानं तिचं नाव घेणार.