भुंग्याच्या जागी कासव

धोंडुबाईंनी सोन्याचा साज पिशवीतून काढून ज्ञानूआप्पांच्या दुकानातल्या गादीवर ठेवला आणि आवाज न चढवता सांगितलं, की नातीच्या लग्नात घालायचा साज आहे आणि त्यात भुंग्याच्या जागी कासव आलंय. एवढ्यासाठी त्या कोडोलीहून परत आल्या होत्या. त्यांच्या घरात भुंगा डाव्या अंगाला असतो, सासूबाईंच्या आधीपासून.

गुजरीतल्या, सराफ बाजारातल्या, त्या दुकानात आक्काताई सव्वीस वर्षं साज गाठवत होती. गळ्यातल्या साजाला भुंगा, कासव, मासा अशा आकारांची सोन्याची पानं असतात आणि त्यांचा क्रम घरागणिक थोडा बदलतो. जुना साज नव्या दोऱ्यात ओवायला आला की ती एकदाच बघायची आणि क्रम डोक्यात बसायचा. आजवर चूक झाली नव्हती. ज्ञानूआप्पांनी धोंडुबाईंची माफी स्वतःच मागितली, तेच तिला जास्त लागलं.

चूक कशानं झाली ते तिला ठाऊक होतं. तीन आठवडे उजव्या डोळ्यात एक करडा ठिपका येऊन बसला होता, बघायच्या वस्तूला अगदी खेटून. आधी तिनं दुकानातल्या नव्या ट्यूबलाइटला दोष दिला, मग सोन्याच्या पॉलिशला. शेवटी मान तिरकी करून काम करायला शिकली.

सांगितलं मात्र कुणालाच नाही. एक्क्याण्णव साली बाळंतपणात रक्त चढवलं होतं, त्यातूनच तिला हेपॅटायटिस सी झाला असावा. तो कळायला बारा वर्षं लागली. आता दोन हजार चार साली दर शुक्रवारी पोटात इंटरफेरॉनचं इंजेक्शन होतं. अठ्ठेचाळीस घ्यायची, तीस झालेली. त्या तिसांनी ताप दिला, हुडहुडी दिली, निम्मे केस नेले. पण रक्तात विषाणू दिसेनासा झाला होता. मध्येच थांबलं तर तो परत येऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्यांना काहीही झालं तर लगेच कळवा, हेही सांगितलं होतं. पण दवाखान्यात ओळख झालेल्या मलकापूरच्या शालूबाईनं डोळ्याचं कळवलं आणि तिची इंजेक्शनं बंद झाली. तेव्हापासून आक्काताईनं तोंड शिवलं होतं.

कासवानं तिला उघडं पाडलं.

त्याच दुपारी ती नवऱ्याला, जोतीरामला, घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी थेंब टाकून आत पाहिलं. डोळ्याच्या पडद्यावर कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे डाग होते, दोन ठिकाणी रक्ताचे ठिपके. हा औषधाचाच परिणाम होता. बहुतेकांचे डाग औषध संपल्यावर विरतात, पण नजरेच्या मध्यावर आले तर धोका, असं त्या म्हणाल्या. त्यांची चिठ्ठी वाचून लिव्हरच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता थांबलेलं बरं, असं त्यांचं मत पडलं. जोतीरामनं लगेच मान डोलावली.

"तुमी कशाला मान हलवताय? सुई तुमच्या पोटात जात्या व्हय?" आक्काताई त्याला म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "लपवलं ही माजी चूक. पण डाग मधी आल्यात का? न्हाईत न्हवं? मग दर आठवड्याला डोळा बघा. मधल्या जागंकडं सरकलं तर त्याच दिवशी बंद करतो. पण अजून आलंच न्हाय त्याला भिऊन मी रोग परत अंगात घेत न्हाय."

डॉक्टरांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी दर आठवड्याची तपासणी ठरली. संमतीच्या कागदावर तिनं मान तिरकी करून पूर्ण नावानं सही केली.

पुढच्या शुक्रवारी डाग होते तिथंच होते. एकतिसावं इंजेक्शन बर्फाच्या थर्मासात घेऊन ती तशीच दुकानात आली. तपासणीच्या थेंबांनी जवळचं सगळं धुरकट झालं होतं. धोंडुबाई साज न्यायला येऊन बसल्या होत्या आणि साज अजून तसाच होता. डोळ्याचं कळल्यापासून आप्पांनी आक्काताईसाठी सोपं काम, टपोऱ्या काळ्या मण्यांची पोत, काढून ठेवली होती. साज थोडे दिवस दुसरीकडं देऊ, तू डोळ्याला आराम दे, असं ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"आप्पा, साज द्या हिकडं."

त्यांनी दिला. तिनं दोरा कापला, पानं मांडीवरच्या फडक्यात सोडली आणि एकेक बोटांत फिरवू लागली. सव्वीस वर्षं तिनं डोळ्यांनाच विचारलं होतं. बोटांना काय काय माहीत आहे ते कधी पाहिलंच नव्हतं. कासवाचे चार पाय नखाला अडत होते. भुंग्याची पाठ मधोमध दुभंगलेली होती. सुईत दोरा मात्र तिनं धोंडुबाईंकडून ओवून घेतला, लाजली नाही.

तासाभरानं शेवटची गाठ बसली. धोंडुबाईंनी साज उजेडाला धरून पान न् पान तपासलं. भुंगा डावीकडे होता.

"न बघता गाठवलास व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"थेंब टाकल्यात, मावशी. दिसतंय कुठं?"

धोंडुबाई साज घेऊन गेल्या. आप्पांनी काळी पोत खणात टाकली, दुसरा एक तुटका साज काढला आणि तिच्यापुढे सरकवला. आक्काताईनं त्याच्यावरून फक्त बोट फिरवलं आणि थर्मास उचलला.

"आज सुई घ्यायची हाय, ताप येणार. उद्या बाराला येतो. तवर दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाय."