बाळंतपण नसलेलं बेट

माझी एकुलती एक पोट्टी पार उत्तर ध्रुवाजवळ, नॉर्वेच्या एका बेटावर हॉटेलात नोकरी करते. लोकं विचारतात तेव्हा मी नुसतं "परदेशात" म्हणते. तेलीबांध्याहून बस धरून नवा रायपुरच्या ऑफिसात जा, दिवसभर फायली पाहा, संध्याकाळी घरी येऊन एकटीचा स्वयंपाक करा. एवढ्या धबडग्यात त्या बेटाचा भूगोल कोणाकोणाले शिकवत बसू?

भूगोल मात्र मले पाठ आहे. तिथं झाड म्हणून नाही. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात महिनोन् महिने उगवत नाही. गाव वसलं कोळशाच्या खाणीपायी. हे ऐकून मले जरा बरं वाटलं होतं. आमचे हे रेल्वेत होते, कोरब्याच्या कोळशाच्या गाड्या पाहण्यात त्यांचा जन्म गेला. आता ते नाहीत, आणि तिथल्या खाणीही बंद पडल्या. गाव चालते पर्यटकांवर. बर्फाच्या नद्या पाहायच्या, आभाळातले हिरवे उजेड पाहायचे, आणि गावाबाहेर जायचं तर सोबत बंदूक, कारण पांढरी अस्वलं. "अवो माय! पैसे देऊन अस्वलाच्या तोंडी जातात का लोकं?" मी म्हटलं, तर पोट्टी हसत सुटली.

मागच्या हिवाळ्यात तिनं गोड बातमी दिली. वर म्हणाली, "मम्मी, यहाँ डिलीवरी नहीं होती. दवाखाना छोटा आहे ना, सगळ्या बाया आधीच बेट सोडून जातात."

माझ्या आनंदाले पारावार राहिला नाही. म्हणजे ते अख्खं बेटच बाळंतपणाले माहेरी जाते की! पहिलं बाळंतपण माहेरी, हे आम्ही काय वेगळं सांगतो?

लागली तयारीले. मागची खोली रिकामी केली, कूलरची खस बदलली, डिंक आणला, पुरानी बस्तीतली मालिशवाली बाई सांगून ठेवली. सगळं ऑफिसातून आल्यावर. पाय नुसते भरून यायचे.

तिची सासू ऑस्ट्रियात, डोंगरातल्या तळ्याकाठच्या गावात राहते. जावई तिथलाच. तिथं आधी डोंगरातून मीठ निघायचं, आता विहीणबाई पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देतात. फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी, की गावातले लोकं खिडक्या लावून घेतात म्हणे. फोटो मीही पाहिला आणि खोटं काहून बोलू, जळफळाट झाला. आमचं तेलीबांध्याचं तळंही संध्याकाळी दिव्यांमध्ये झकास दिसते, पण मागे उभा करायले डोंगर कुठून आणू?

रोज संध्याकाळी पोरीचा फोन यायचा. "मम्मी, कैसी हो?"

"थकून गेली व बाई. कंबर राहिली नाही."

आमच्यात असंच सांगतात. मजेत आहे म्हटलं की नजर लागते, असं माझी आई म्हणायची. सगळ्या मावश्याही अशाच बोलायच्या आणि बोलता बोलता चार माणसांच्या पोळ्या लाटून मोकळ्या व्हायच्या.

मग एका रविवारी ती म्हणाली, "मम्मी, टिकट हो गया."

"रायपुरले कधी पोचतेस?"

ती म्हणाली, "रायपुर नहीं, मम्मी. सासूबाईंकडे जा रही हूँ."

मी पलंगावर बसली. "काहून? उन्हाळ्याच्या भेवानं?"

"तू रोज बोलती है, थक गयी, कमर गयी. त्यात मी येऊ? तुझ्यावर आणखी काम टाकू? मुझसे नहीं होगा, मम्मी." आणि ती रडायले लागली.

नुसती बोलायची रीत होती म्हणावं, तर तेही खोटं. थकलीच तर होती मी. सकाळी उठताना भिंत धरावी लागते मले. पण पोरीपायी थकायले मी कधी नाही म्हटलं होतं? त्याच एका थकण्याची तर वाट पाहून राहिली होती मी. हे तिले सांगायचं होतं, पण तिकीट निघालं होतं, आणि ती पोटुशी, तिकडं रडून राहिली होती.

"बरं केलं," मी म्हटलं. "तिथं हवा थंड आहे. बाळाले सोसंल."