मागे बसणारा

सोलापूरच्या आरटीओत मी लायसन्सच्या नूतनीकरणासाठी रांगेत होतो. माझ्यापुढे एक वृद्ध गृहस्थ होते. बायको वारल्यावर मुलीने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली होती, आणि बायकोची स्कूटर त्यांच्या नावावर झाली होती. ती पुन्हा तिच्याच नावावर करावी, असा त्यांचा अर्ज होता.

"मयताच्या नावावर गाडी राहत नाही, काका. अर्ज नामंजूर झालाय," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"मला चालवायलाच येत न्हाय ओ बाई. विडी कारखान्याला जाताना ती मला मागं बसवून गिरणीवर सोडायची. मागं बसणाऱ्याला मालक करता व्हय?"

रांग हसली. तेही हसले आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

बाहेर ते स्कूटर हाताने ढकलत निघाले. तपासणीला लागेल म्हणून घरापासून तशीच आणली होती.

"मी चालवतो. तुम्ही मागे बसा," मी म्हणालो.

ते सराईतपणे बसले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी पत्नी तिथेच हात ठेवायची. ती गेल्यापासून तिथे कुणाचाच हात पडला नव्हता.

मी गाडी फार सावकाश चालवली.