बाबांचे दहा फूट

माझे बाबा सुतार होते आणि त्यांना कसला गर्व असेल तर तो आपल्या मापाचा. चाळीस वर्षं त्यांनी फूट, इंच आणि सुतात काम केलं. एका इंचाची आठ सुतं. दाराच्या फटीवर नुसतं बोट फिरवून ते सांगायचे, "दीड सूत जास्त हाय." आणि टेप लावला की दीडच निघायचं. त्यांचं माप चुकलं असं म्हणायची आमच्या अख्ख्या सदर भागात कुणाची हिंमत नव्हती. ते मी म्हटलं.

मी इंटिरियरचा डिप्लोमा केला, सदरमध्ये छोटंसं दुकान टाकलं आणि बाबांना सोबत घेतलं. तिथून आमची रोजची कटकट सुरू झाली. माझी कपाटं कारखान्यातून कापून यायची आणि तिथं सगळा हिशोब मिलिमीटरमध्ये.

"मिलिमीटर डोळ्याले दिसते तरी का वं?" बाबा म्हणायचे. "सूत कसं, बोटाले समजते."

"बाबा, दुनिया कुठल्या कुठं गेली. तुम्ही अजून सुतातच अडकून राहिले."

ते हसून सोडून द्यायचे. मी काही सोडत नव्हते. माझी जीभ तेव्हाही अशीच तिखट होती.

बारा वर्षांपूर्वी मानेवाड्याला एका काकूंच्या स्वयंपाकघराचं काम मिळालं. माझं पहिलं मोठं काम. बाबांनी भिंत मोजली आणि फोनवर सांगितलं, "दहा फूट. बरोब्बर." मी ते मिलिमीटरमध्ये करून कारखान्यात धाडलं. कपाटं आली, ओळीने लावली, आणि शेवटी भिंतीजवळ जवळजवळ दोन इंचांची फट राहिली. आरपार, झुरळांची वस्ती होईल अशी.

काकूंचं तोंड उतरलं. माझं डोकंच फिरलं. त्यांच्यासमोर, हाताखालच्या दोन कारागिरांसमोर मी बाबांवर ओरडले, "किती वेळा सांगितलं, तुमचं ते फूट-सूत बंद करा म्हणून! दोन इंच चुकवले तुम्ही!"

टेप माझ्याच खिशात होता. मी तो बाहेर काढलासुद्धा नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग फटीकडे. "चुकलं असन माझंच," ते म्हणाले. "तू जाय दुकानात. मी पट्टी बसवून येतो." मी तणतणत निघून गेले. त्यांनी इतकी सुंदर पट्टी बसवली की फट होती हे सांगावं लागलं असतं.

त्यानंतर त्यांनी कुठलंच माप घेतलं नाही. कुठंही गेलो की टेप माझ्या हातात द्यायचे, "तूच मोज बाई." हळूहळू दुकानात येणंही बंद केलं. आई म्हणायची, "काहून घरी बसून राहिले हो?" तर म्हणायचे, थकलो आता. मला खरंच वाटलं, वय झालं. तिसऱ्या वर्षी ते गेले.

गेल्या महिन्यात त्याच काकूंचा फोन आला. कपाटं जुनी झाली, सगळं नवीन करायचं. मी टेप घेऊन गेले तर दारातच म्हणाल्या, "आता तरी नीट मोजजो वं बाई. मांगं तुझ्या बाबानं चुकवलं होतं." बारा वर्षं झाली तरी त्यांच्या लक्षात तेवढंच राहिलं होतं.

कारागिरांनी कोपऱ्यातलं कपाट आणि बाबांची ती पट्टी काढली. पट्टीमागच्या भिंतीवर बाबांनी पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्यांचा तो लांब शेपटीचा एकाचा आकडा. 'फट १ इंच ७ सूत.' त्याच्या वर 'भिंत १० फूट.' मग पुन्हा 'भिंत १० फूट.' आणि तिसऱ्यांदाही तेच. मी गेल्यावर त्यांनी ती भिंत तीन वेळा मोजली होती.

मी टेप लावला. तीन हजार अठ्ठेचाळीस मिलिमीटर.

मी कारखान्यात तीन हजार कळवले होते. फूट म्हणजे तीनशे, असं आम्ही सगळे तोंडी धरायचो, सोपं पडतं म्हणून. खरा फूट त्याहून जवळजवळ पाच मिलिमीटर मोठा असतो. दहा फुटांत ती तूट किती होते ते भिंतीवर लिहिलेलं होतं, सुतापर्यंत.

म्हणजे बाबांना तेव्हाच कळलं होतं, आणि पुढची तीन वर्षं ते एका शब्दाने बोलले नाहीत. काम माझं होतं, गिऱ्हाईक माझं होतं, म्हणून चूक त्यांनी अंगावर घेतली. मी तिथंच ओट्याला टेकून ढसाढसा रडले.

काकू धावत आल्या. मी त्यांना म्हटलं, "काकू, बाबांचं माप बरोबर होतं. चुकले मी. तुमच्यासमोर ओरडले होते ना त्यांच्यावर, ते सगळं माझंच चुकलं होतं."

त्यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"जाऊ दे वं," त्या म्हणाल्या. "आता काय त्याचं?" आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या.