कॅमेऱ्याच्या पेटीत काय घालायचं

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांनी कधीच मान्य केलं आहे. लग्नात फोटो काढताना नवऱ्या मुलाच्या मामाला "बाजूला व्हा" म्हणते, तेव्हा त्याच्या आधी "जरा" लावायचं माझ्या लक्षात राहत नाही. धंद्याला हे बरं नाही. पण मंगलाष्टकांच्या फोटोत मामाची पाठ येणं त्याहून वाईट. अशा बाईने सलग चार महिने आपल्या बापाशी गोड बोलून काढले, असं सांगितलं तर चिपळुणातल्या अर्ध्या मंगल कार्यालयांना खरं वाटणार नाही.

संक्रांतीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं, बोलणं परत आलं, चालणंही आलं. उजवा हात मात्र अर्धाच परत आला. चहाचा कप धरता येई, सुतळीची गाठ मारता येत नसे. डॉक्टर म्हणाले, त्यांना टोचेल असं काही बोलू नका, शांत ठेवा. आईने हे इतकं मनावर घेतलं, की आमटी आळणी झाली तरी बाबांनी काही म्हणायच्या आधीच ती "माझंच चुकलं" म्हणायची. शेजारी, पाहुणे, सगळे त्यांच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसे बोलत. मीही त्यातलीच.

आणि बाबा कोण, तर चाळीस वर्षं गुहागरकडच्या आंब्याच्या बागांत पेट्या भरणारा माणूस. आंबा झाडावरून कुणीही उतरवील, पण तो लाकडी पेटीत असा बसवायचा, की ट्रक घाटातून आदळत गेला तरी वाशीत झाकण उघडल्यावर एकाही फळावर डाग दिसता कामा नये. खाली पेंढा, वर फळांचा थर, मधे पुन्हा पेंढा. झाकण ठोकण्याआधी बाबा पेटी दोन्ही हातांनी जराशी हलवत आणि मान वाकडी करून ऐकत. "वरच्या थरात डावीकडे एक ढिला हाय," म्हणत, आणि तो असायचाच. शिमगा झाला की बागेतून निरोप यायचा. त्या वर्षी शिमगा झाला, पाडवा झाला, निरोप आला नाही. बाबा धुतलेला सदरा घालून रोज सकाळी पडवीत बसत आणि रस्त्याकडे बघत. कुणाची वाट बघताय, असं आम्ही कुणीच विचारलं नाही. मला ते बघवत नसे. हा माणूस आता नुसता बसून राहणार, अशी भीती वाटे.

त्याच सुमारास मी कॅमेऱ्यासाठी एक टणक पेटी घेतली. मागे चिपळूणच्या पुरात माझ्या स्टुडिओत छातीएवढं पाणी आलं होतं, तेव्हा एक कॅमेरा आणि तीन लेन्स चिखलात गेल्या. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. पेटी काळी, जाड प्लास्टिकची, कडेने रबर, बंद केली की पाणी काय, हवाही आत जाणार नाही अशी. मुंबईतल्या एका व्हिडिओवाल्याने वापरून काढून टाकलेली. त्यामुळे आतली गादी फाटून गेलेली, नुसतं कवच हाती आलं. आत काय घालायचं, यावर मी आठवडाभर मोबाईलवर माहिती काढत होते. कुणी म्हणत होतं चौकोनी तुकड्यांचा फोम घ्या, हवे तेवढे तुकडे उपटा आणि खण करा. कुणी म्हणत होतं मऊ पडदे घ्या, चिकटपट्टीने कसेही हलवता येतात.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. हे काम बाबांना द्यावं. त्यांचा वेळ जाईल, पेटी म्हटल्यावर त्यांना बरं वाटेल, आणि नंतर मी गुपचूप माझ्या पसंतीचा फोम घालून टाकीन. एका रविवारी मी पेटी, जादा कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन चिपळुणाहून गावी आईबाबांकडे गेले आणि साखर पेरत म्हणाले, "बाबा, पेटीतलं तुमच्याएवढं कुणाला कळतं? तुम्हीच ठरवा आत काय घालायचं ते."

त्यांनी एकदा पेटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ठेव तिथं," म्हणाले.

पुढच्या शनिवारी अंजनवेलला एक साखरपुडा होता. सकाळी मी गावी पोचले तोवर उशीर झालेला. पेटी पडवीत तयार होती, दोन्ही खटके लावलेले, वरून आईकडून सुतळी आवळून घेतलेली. मी उघडायला गेले तर बाबा म्हणाले, "ठोकलेली पेटी मधे उघडत नाय. जिथं माल लागतो तिथंच उघडायची." एरवी मी ऐकलं नसतं. पण त्यांना दुखवायचं नाही ना! आत जुनी धोतरं किंवा गोधडीचे तुकडे असतील, असा अंदाज केला आणि "छान बांधलीय हो," म्हणून स्कूटरला लावली.

अंजनवेलला मांडवात, भरल्या पाहुण्यांसमोर सुतळी कापली आणि झाकण उघडलं. आतून पेंढा उसळून बाहेर आला. भाताचा पिवळा पेंढा. पंख्याच्या वाऱ्यावर त्यातल्या काड्या नवरीच्या आत्याच्या पैठणीवर जाऊन बसल्या. मागून कुणीतरी विचारलं, "डझन कसे दिलेत?" सगळा मांडव हसला. मीही हसले असते, पण लेन्स हातात घेतली आणि हसू गेलं. हवाबंद पेटीत पेंढ्याला घाम सुटलेला. लेन्सच्या आत वाफ धरली होती, पुढचं कडं फिरवलं तर करकर वाजत होतं, कारण पेंढ्याची भुकटी फटीत शिरलेली. गळ्यात एक कॅमेरा होता म्हणून निभावलं. पण त्याला लांबचा फोटो येत नाही, त्यामुळे अंगठी घालतानाचा फोटो काढायला मला जोडप्याच्या इतकं जवळ जावं लागलं, की भटजींनी मलाच बाजूला व्हायला सांगितलं. "जरा" न लावता.

परत येताना रस्ताभर माझ्या डोक्यात चार महिन्यांचं साठलेलं सगळं रटरटत होतं. गावी पोचले, पेटी पडवीत आदळली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "बाबा, हे काय भरलंत? आंबे पिकवायचेत का मला? ती काय लाकडी पेटी आहे फटीफटीची? हवा जाणार कुठून? आढी घालून ठेवलीत लेन्सची! चाळीस वर्षं पेट्या भरल्यात आणि समोरच्या पेटीचं झाकण बघता आलं नाही तुम्हाला?"

आई आतून पळत आली. तिच्या हाताला तांदळाचं पीठ तसंच होतं. "अगो, गप! डॉक्टर काय म्हनालेत?" बाबांनी पेटी डाव्या हाताने ओढून घेतली, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं, रबर दाबून बघितलं. मग उठून आत गेले. मला त्या क्षणी माझीच जीभ छाटून टाकावीशी वाटली. चिपळूणला घरी पोचेपर्यंत मी स्कूटरवर रडत होते. लेन्स दुरुस्त होते, बाप होत नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. आईचा नंबर. मला वाटलं, झालं, काहीतरी झालं. पण पलीकडून बाबा होते, आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी स्वतः फोन लावला होता.

"बाजारात तो गाद्या शिवनारा हाय ना, त्याच्याकडनं स्पंज आन. एक नको, जेवढे प्रकार असतील तेवढे. वीत-वीतभर. आनि दुपारच्या आत ये."

गादीवाल्याकडे पाच प्रकार मिळाले. पांढरा, पिवळा, सोफ्याचा जाड, उशीचा भुसभुशीत, आणि एक काळा कडक, ज्याचे पातळ ताव असतात आणि जो लोक व्यायामाला जमिनीवर अंथरतात. मी गेले ती ओशाळून गेले. "बाबा, काल जरा जास्तच बोलले हो मी," अशी सुरुवात केली, तर त्यांनी हात झटकला. "ता ऱ्हवू दे. बादली आन."

पाचही तुकडे त्यांनी बादलीत बुडवले आणि मला एकेक पिळायला लावला. पांढऱ्याने अर्धा तांब्या पाणी ओकलं, पिवळ्याने त्याहून जास्त. सोफ्याचा तर वाळायला दिवाळी उजाडेल, असं आई म्हणाली. काळा मात्र वरचं पाणी झटकून कोरडा. मग ते तुकडे त्यांनी एकेक करून डाव्या अंगठ्याने दाबले, फळ तयार झालं का बघताना दाबत तसे, डोळे मिटून.

"उशीवाला घेऊ," मी म्हणाले. "सगळ्यात मऊ आहे."

"मऊ काय करायचाय? मऊमधी वस्तू हलते. दर खड्ड्याला इकडनं तिकडं. हलली की लागली. फळाला मऊ नको असता, धरून ठेवनारा हवा." त्यांनी काळा तुकडा मांडीवर ठेवला. "हा. पन ह्याला बरोबर कापला पाहिजे. एक सूत जास्त नको, एक सूत कमी नको."

कापायचं मी, कारण त्यांच्या हातात सुरी ठरत नव्हती. ते डाव्या हाताने कॅमेरा तावावर ठेवत, मी कडेने पेन्सिल फिरवत असे. एकावर एक सहा ताव, प्रत्येकात कॅमेऱ्याचा वेगळा आकार, खाली निमुळता, वर रुंद. तळाशी आणि झाकणाला अख्खा ताव. पहिल्या लेन्सचा खण झाला, त्यांनी पेटी बंद करायला सांगितली, कडेला हात लावून हलवली आणि मान वाकडी केली. बागेत आंब्याची पेटी ऐकतानाची तीच मान.

"तिसऱ्या तावात ढिला हाय."

"काही ढिलं नाही."

"ऐकू येता मना."

"मला नाही येत!"

"तुला कसा येल? तुजा तोंड बंद असला तर येल ना!"

"सहा ताव कापून माझी बोटं गेली, बाबा! तुमची ती पेट्यांची घाई असायची तेव्हा तरी एवढा छळ करत होतात का लोकांचा?"

"करत व्हतो! विचार जाऊन बागेत!"

आमचा आवाज चढला तशी आई पुन्हा धावत आली. या वेळी हातात झारा होता. "काय चाललाय ह्या? अगो, परत? काल झाला ता पुरे नाय? त्यांना जपायचा सोडून..."

"तू थांब," बाबा तिला म्हणाले. मग ते काळा ताव मांडीवर सरळ करत राहिले. पहिल्यांदाच मला दिसलं, की त्यांचा उजवा हातही त्या कामात आला आहे, ताव नुसता दाबून धरण्यापुरता.

"तू पेटी आनलीस ना, तवाच मना कळला," ते मला म्हणाले. "पोर रडू नये म्हनून हातात खुळखुळा देतात, तसा काम दिलास. म्हनून मी पन कसातरी भरला. झाकान बघितला नाय. रबर हाय का, हवा जाते का, काय नाय बघितला. घातला पेंढा. चूक माजीच."

"बाबा, तसं नव्हतं..." मी म्हणाले. पण तसंच होतं.

"ऐक. मना झटका आला तेव्हापासनं सगळी गोड बोलतात. आमटी आळनी, तरी माजा चुकला. मी कप फोडला, तरी असू दे, असू दे. चार महिने झाले, तुमचा ह्या चुकला, असा मना एक मानूस बोलला नाय. चूक कोनाची काढतात? जो कामाचा हाय त्याची. मी पडवीत बसून रोज इचार करायचो, मी मेलोबिलो तर नाय ना, आनि ह्या लोकांनी मना सांगितला नाय."

आईने झारा खाली ठेवला आणि ती उंबऱ्यावरच बसली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाक पुसायला हातात फोमच्या तावाशिवाय काही नव्हतं.

"काल तू वरडलीस," बाबा म्हणाले, "रात्री मना झोप लागली." मग त्यांनी तिसरा ताव माझ्याकडे सरकवला आणि खणाच्या कडेवर बोट आपटलं. "इथं वाकडा गेलाय. परत काप."

मी परत कापला.